शेजाऱ्याच्या खिडकीतला मेनोरा

अमेरिकेच्या लोकसंख्येत ज्यूंचे प्रमाण जेमतेम दोन-सव्वादोन टक्के आहे. तिथली एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा दरवर्षी द्वेषमूलक गुन्ह्यांचे आकडे जाहीर करते. धर्मावरून घडलेल्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक गुन्हे बहुतेक वर्षी ज्यूंविरुद्ध असतात. २०२३ साली अशा घटना १,८०० च्या वर गेल्या. म्हणजे धर्मावरून झालेल्या दर तीन गुन्ह्यांपैकी दोनांचे लक्ष्य ज्यू होते. हे आकडेही अपुरेच म्हणायचे. ही माहिती वर पाठवण्याची तिथल्या स्थानिक पोलिसांवर सक्ती नाही, आणि भिंतीवर कोणी स्वस्तिकासारखे नाझी चिन्ह काढून गेला तर ते पुसून गप्प बसणारीच माणसे जास्त.

ज्यूद्वेष इतर द्वेषांपेक्षा थोडा निराळा चालतो. काळ्या माणसाचा किंवा स्थलांतरिताचा द्वेष करणारा त्याला आपल्यापेक्षा कमी लेखतो. ज्यूचा द्वेष करणारा त्याला कमी तर लेखतोच, पण त्याच वेळी पडद्याआडून जगाचा पैसा, वर्तमानपत्रे आणि सरकारे चालवणारा कारस्थानी म्हणून त्याला घाबरतोही. मध्ययुगीन युरोपात प्लेगची साथ आली तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवले अशी आवई उठली होती, आणि त्यापायी गावेच्या गावे ज्यूमुक्त केली गेली. कारस्थानाच्या अशा कहाणीला ज्यूंनी स्वतः उत्तर द्यावे तर ते उत्तरही कारस्थानाचाच भाग ठरते. म्हणूनच ‘हे खोटे आहे’ असे दुसऱ्या कोणीतरी म्हणावे लागते: चर्चच्या पाद्र्याने, मशिदीच्या इमामाने, शाळेतल्या शिक्षकाने, कामगार संघटनेच्या चिटणिसाने. ज्यूद्वेषाविरुद्ध वेगवेगळ्या समाजांची भागीदारी लागते ती या कारणासाठी. त्यात सौजन्याचा भाग असेल, पण मूळ गरज व्यवहाराची आहे.

या भागीदारीचे सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज शहराचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती होती, बहुतेक गोरी आणि ख्रिस्ती. ज्यू कुटुंबे हाताच्या बोटांवर नाही, तरी सहज मोजता येतील इतकीच. अमेरिकेच्या वायव्य भागात तेव्हा गोऱ्यांचे वर्चस्व मानणाऱ्या टोळ्या जम बसवू पाहत होत्या. बिलिंग्जमध्ये कू क्लक्स क्लॅनची पत्रके वाटली जाऊ लागली. डोकी भादरलेले ‘स्किनहेड’ तरुण वेमन चॅपल या कृष्णवर्णीयांच्या छोट्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला येऊन मागे उभे राहू लागले. ते हात उगारत नसत, नुसते उभे राहत. प्रार्थनेला आलेल्यांच्या पोटात गोळा यायला तेवढे पुरे होते. ज्यू दफनभूमीतल्या थडग्यांचे दगड उलथवले गेले. एका मूलनिवासी स्त्रीच्या घराच्या भिंतींवर नाझी चिन्ह आणि शिव्या रंगवल्या गेल्या.

पुढे एका ज्यू घराच्या खिडकीतून आलेल्या विटेची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण बिलिंग्जचे खरे काम विटेच्या आधी सुरू झाले होते. वेमन चॅपलमधली बातमी कळल्यावर इतर पंथांचे गोरे ख्रिस्ती लोक दर रविवारी त्या चर्चमध्ये जाऊन बाकांवर बसू लागले. काही आठवड्यांत स्किनहेड यायचे बंद झाले. मूलनिवासी स्त्रीचे घर रंगवायला शहरातल्या रंगाऱ्यांच्या युनियनने माणसे बोलावली, तेव्हा तीसेक रंगारी स्वतःचे ब्रश-डबे घेऊन हजर झाले आणि तासाच्या आत भिंती पुन्हा स्वच्छ झाल्या. बघायला शेजारीपाजारी जमले होते. ज्या भिंतीने त्या बाईला एकटी पाडायचे, तिच्यासमोरच निम्मी गल्ली गोळा झाली.

पोलीसप्रमुख वेन इनमन हा या सगळ्यातला मोलाचा माणूस. बिलिंग्जला येण्याआधी तो ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात पोलीस अधिकारी होता. तिथे नोव्हेंबर १९८८ मध्ये मुलुगेटा सेराव या इथिओपियन तरुणाला स्किनहेडनी बेसबॉलच्या बॅटने मारून ठार केले. पत्रके, घोषणा, भिंतीवरची चित्रे या पायऱ्या चढत चढत टोळ्या खुनापर्यंत कशा पोहोचतात, हे इनमनने पाहिले होते. कायद्याच्या दृष्टीने पत्रक वाटणे हा गुन्हा नव्हता, तरी तो पत्रकांवरच जाहीरपणे बोलू लागला. शहराची बदनामी होईल, दुर्लक्ष केले की आपोआप थंडावेल, असे म्हणणारे प्रतिष्ठित लोक बिलिंग्जमध्येही होतेच. ते कुठल्या शहरात नसतात? गप्प बसणे म्हणजे संमती, हे इनमन त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

२ डिसेंबर १९९३ च्या रात्री एका ज्यू डॉक्टरच्या घरात खिडकीची काच फोडून वीट आत आली. खोली त्याच्या पाच वर्षांच्या मुलाची होती. हनुका या दिव्यांच्या सणासाठी खिडकीत मेनोरा लावला होता. नऊ फाट्यांची ही समई सणाच्या आठ रात्री रोज एकेक दिवा वाढवत पेटवतात. मुलगा त्या वेळी दुसऱ्या खोलीत होता म्हणून बचावला. तपासाला आलेल्या अधिकाऱ्याने खिडकीतली सजावट काढून ठेवायचा सल्ला दिला. सल्ला काळजीपोटीच होता, पण मुलाला हे समजावायचे कसे, असा प्रश्न आईला पडला आणि तो तिने वार्ताहराजवळ बोलून दाखवला.

‘बिलिंग्ज गॅझेट’मधली ती बातमी मार्गारेट मॅकडोनल्ड यांनी वाचली. मोंटानातल्या चर्चच्या संघटनेत त्या काम करत. ख्रिसमसचे झाड खिडकीतून काढा, असे आपल्याला कोणी सांगितले असते तर काय वाटले असते, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी आपल्या पाद्र्याला फोन केला. मेनोराच्या चित्राच्या झेरॉक्स प्रती काढल्या गेल्या, रविवारी चर्चमध्ये वाटल्या गेल्या आणि मुलांनी त्या रंगवून आपापल्या खिडक्यांना चिकटवल्या. ११ डिसेंबरला ‘गॅझेट’ने पानभर मेनोरा छापला आणि तो कापून खिडकीत लावा असे वाचकांना सांगितले. एका क्रीडासाहित्याच्या दुकानाने रस्त्यावरच्या फलकावर ‘आमच्या गावात नाही’ अशा अर्थाचा मजकूर लावला. तोच पुढे चळवळीचे नाव झाला.

यानंतर विटा थांबल्या नाहीत. मेनोरा लावलेल्या चर्चच्या काचा फुटल्या, काही घरांसमोरच्या गाड्यांची मोडतोड झाली, शुभेच्छांचा फलक लावणाऱ्या कॅथलिक शाळेवरही हल्ला झाला. चित्र लावणे सुरक्षित आहे का, असे लोक पोलीसप्रमुखाला विचारू लागले. न लावण्यात धोका जास्त आहे, असे त्याचे उत्तर असे. काचा फुटत गेल्या तसे मेनोरा वाढत गेले. महिनाअखेरीला सहा ते दहा हजार घरांच्या खिडक्यांत तो लागला होता, आणि त्यांतले ज्यू घर कोणते हे रस्त्यावरून ओळखणे अशक्य झाले होते. लक्ष्य एक असते तेव्हा वीट मारायला एक माणूस पुरतो. लक्ष्ये दहा हजार झाल्यावर टोळीचा उद्योगच फसला.

मॅकडोनल्ड यांना ही कल्पना सुचली ती डेन्मार्कच्या राजाच्या गोष्टीवरून. नाझींनी ज्यूंना पिवळा तारा लावण्याची सक्ती केली तेव्हा राजा दहावा क्रिश्चन स्वतः तारा लावून घोड्यावरून फिरला, अशी ती गोष्ट. ती खरी नाही. डेन्मार्कच्या ज्यूंवर ताऱ्याची सक्ती कधी झालीच नव्हती. मात्र ऑक्टोबर १९४३ मध्ये ज्यूंची धरपकड होणार अशी खबर फुटली, तेव्हा डॅनिश लोकांनी सुमारे सात हजार ज्यूंना मासेमारी होड्यांतून स्वीडनला पोहोचवले, हा इतिहास आहे. राजाच्या दंतकथेपेक्षा कोळ्यांची हकीकत कितीतरी थोर, पण लोकांच्या तोंडी राजाच राहिला.

बिलिंग्जवरचा ‘नॉट इन अवर टाउन’ हा माहितीपट १९९५ मध्ये पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दाखवला गेला. तो पाहून इतर शहरांत असेच गट उभे राहिले. तेवढ्याने मोंटानातला द्वेष संपला असे मात्र नाही. २०१६ च्या डिसेंबरात त्याच राज्यातल्या व्हाइटफिश या छोट्या गावात विटेची जागा इंटरनेटने घेतली. एका निओ-नाझी संकेतस्थळाच्या चालकाने गावातल्या ज्यू रहिवाशांची नावे आणि संपर्क प्रसिद्ध करून आपल्या वाचकांना त्यांच्यावर सोडले. शेकडो धमक्या आल्या. हत्यारबंद मोर्चाचीही घोषणा झाली. पण व्हाइटफिशमध्ये ‘लव्ह लिव्ज हिअर’ नावाचा नागरिकांचा गट काही वर्षांपासून काम करत होता. खिडक्यांत पुन्हा कागदी मेनोरा लागले, कडाक्याच्या थंडीत लोक सभेला जमले आणि मोर्चा निघालाच नाही. २०१९ मध्ये फेडरल न्यायालयाने त्या चालकाला एक कोटी चाळीस लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितले. तो न्यायालयासमोर आलाच नाही.

पिट्सबर्ग शहराची कहाणी फार वेगळी, कारण तिथे कागदी मेनोराला जागा उरली नव्हती. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, शनिवारच्या प्रार्थनेच्या वेळी, स्क्विरल हिल भागातल्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, एक बंदूकधारी घुसला आणि त्याने ११ जणांना ठार मारले. अमेरिकेच्या इतिहासात ज्यूंवर झालेला हा सर्वांत भीषण हल्ला. हल्लेखोराचा राग हायस या निर्वासितांना मदत करणाऱ्या जुन्या ज्यू संस्थेवर होता. ही संस्था परक्यांना देशात घुसवते, असे तो लिहीत असे. त्याच्या डोक्यात ज्यूद्वेष आणि स्थलांतरितांचा द्वेष यांची गाठ घट्ट बसली होती. भागीदारीची गरज समजायला याहून कडू पुरावा नको: मारणारा आधीच सगळ्यांना एका यादीत घालून बसलेला असतो, यादीतल्यांची एकमेकांशी ओळख असो वा नसो.

पिट्सबर्गमध्ये ती ओळख होती. तिथले इस्लामिक सेंटर आणि ज्यू संस्था यांचे जाणेयेणे जुने होते. हल्ल्यानंतर अमेरिकेतल्या मुस्लिम संस्थांनी बळींच्या कुटुंबांसाठी काही दिवसांत दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली. किराणा आणायला सोबत हवी असेल, प्रार्थनेच्या वेळी दारात उभे राहायला माणसे हवी असतील, तर नुसते सांगा, असे सेंटरच्या प्रमुखाने शोकसभेत जाहीर केले. ‘पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेट’ने पहिल्या पानाच्या मथळ्यात ज्यूंच्या मृत्युप्रार्थनेचे पहिले शब्द हिब्रू अक्षरांत छापले. पाच महिन्यांनी, मार्च २०१९ मध्ये, न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींवर हल्ला होऊन ५१ जण मारले गेले, तेव्हा पिट्सबर्गच्या ज्यू फेडरेशनने तिथल्या मुस्लिम कुटुंबांसाठी निधी उभारला. ही परतफेड नव्हती. आपल्या दारात काय घडले ते माहीत असलेल्या माणसांनी उचललेले ते पाऊल होते.

सभा आणि निधी यांची छायाचित्रे येतात. भागीदारीचा मोठा भाग मात्र कंटाळवाणा असतो. प्रार्थनास्थळाच्या दारांचे कुलूप कोणत्या बाजूने उघडते, आणीबाणीत बाहेर पडायची वाट कोणती, ठाण्यातल्या कोणत्या अधिकाऱ्याचा थेट नंबर आहे, समोरच्या शाळेच्या मैदानात माणसे जमवता येतील का, अशी ही कामे. ‘ट्री ऑफ लाइफ’चे रब्बी (धर्मगुरू) जेफ्री मायर्स यांच्याजवळ त्या शनिवारी मोबाइल होता. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी धर्मनिष्ठ ज्यू फोन वापरत नाहीत, पण ज्यू फेडरेशनच्या सुरक्षा प्रशिक्षणात फोन जवळ ठेवा असे सांगितले होते. पोलिसांना त्यांनी त्याच फोनवरून कळवले. टेक्सासमधल्या कॉलीव्हिल गावी १५ जानेवारी २०२२ रोजी रब्बी चार्ली सायट्रॉन-वॉकर आणि तिघांना एका बंदूकधाऱ्याने सुमारे अकरा तास ओलीस ठेवले. शेवटी रब्बींनी त्याच्या अंगावर खुर्ची फेकली आणि तोवर आत उरलेले सगळे ओलीस दारातून पळाले. कधी पळायचे हे आपल्याला प्रशिक्षणामुळे कळले, असे त्यांनी नंतर सांगितले. ओलिसांचे नातेवाईक तो सगळा दिवस जवळच्या कॅथलिक चर्चमध्ये बसून होते, आणि रब्बींचे मुस्लिम स्नेही तिथे धावून आले होते. त्यांना बोलवायला कोणाला निमंत्रणपत्रिका छापावी लागली नाही.

ब्रिटनमध्ये हेच काम नोंदणीच्या बाजूने झाले. ‘कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट’ ही ज्यूंची संस्था १९८४ पासून ज्यूद्वेषी घटनांची पद्धतशीर नोंद करते, तक्रारदाराला आधार देते आणि आकडे पोलिसांना पुरवते. २०१२ मध्ये मुस्लिमविरोधी घटनांची नोंद ठेवण्यासाठी ‘टेल मामा’ हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा नोंदणीची रीत शिकवायला ज्यू संस्थेने मदत केली. मंचावर हातात हात घालून फोटो काढण्यापेक्षा एका समाजाने दुसऱ्याला तक्रारवहीची कला शिकवणे अधिक टिकाऊ ठरते.

मे २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने ज्यूद्वेषाविरुद्धचे पहिले राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याचे चार आधारस्तंभ होते: जागृती, सुरक्षा, ज्यूद्वेष रुळू न देणे आणि चौथा वेगवेगळ्या समाजांची एकजूट. कागदावर सगळे ठीक होते. पण पाच महिन्यांतच, ७ ऑक्टोबरला, हमासने इस्रायलवर हल्ला केला, गाझात युद्ध पेटले, आणि अमेरिका-युरोपातल्या कितीतरी आंतरधर्मीय मंडळांत बोलणेच थांबले. ज्यू सभासदांना वाटले, आमची माणसे मारली गेली तेव्हा मित्र गप्प राहिले. मुस्लिम सभासदांना वाटले, गाझातल्या मृत्यूंवर मित्र गप्प राहिले. दोघांचेही आपापले दुःख खरे होते, आणि दोन्हीकडच्या तक्रारीत तथ्य होते.

अशा दुराव्याला इतिहास आहे. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी ‘एनएएसीपी’ स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत ज्यू होते. शिकागोचे ज्यू उद्योगपती ज्युलियस रोझनवाल्ड आणि कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सुरू केलेल्या योजनेतून दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. तिथल्या गरीब पालकांनीही त्यासाठी पैसा आणि श्रम दिले होते. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चात रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चालले. इतकी जुनी मैत्री, आणि तरी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांवरील नियंत्रणाच्या वादात कृष्णवर्णीय पालक आणि बहुसंख्य ज्यू असलेली शिक्षक संघटना समोरासमोर आली. १९९१ मध्ये त्याच शहरातल्या क्राउन हाइट्समध्ये ज्यूंच्या ताफ्यातल्या गाडीखाली एक कृष्णवर्णीय मुलगा गेला आणि दंगल उसळून एका ज्यू विद्यार्थ्याचा खून झाला. दोन्ही समाज एकाच वस्तीत राहत होते, पण त्यांचे नेते एकमेकांना फारसे ओळखत नव्हते.

बिलिंग्ज एका अर्थाने सोपे होते. तिथे समोर डोकी भादरलेली टोळी होती. तिच्या बाजूने बोलणारा सभ्य माणूस सापडला नसता. आजचा प्रश्न अवघड आहे, कारण इस्रायल सरकारवरची टीका कुठे संपते आणि ज्यूद्वेष कुठे सुरू होतो, यावर प्रामाणिक माणसांतही मतभेद आहेत. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संघटनेने ज्यूद्वेषाची व्याख्या केली. ती टीकेचा गळा घोटते म्हणून अभ्यासकांच्या एका गटाने २०२१ मध्ये जेरुसलेम जाहीरनामा या नावाने दुसरी मांडली. या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणारी मंडळे कायमची थांबतील. परराष्ट्रधोरणावर एकमत ही अट न घालता, दूरदेशीच्या युद्धाचा सूड इथल्या सिनेगॉगवर किंवा मशिदीवर उगवू द्यायचा नाही, एवढ्या एका कलमावर उभी असलेली मंडळेच अशा काळात तगतात. ते कलम छोटे वाटते. पाळायला ते पुरेसे जड आहे.

मराठी समाजाला या विषयाची निराळीच बाजू माहीत आहे. कोकणात शतकानुशतके तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल ज्यू ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. शेजाऱ्यांनी छळल्याची आठवण त्यांच्या परंपरेत नाही. मुंबईत भायखळ्याला ज्यू दात्याने स्थापन केलेल्या सर जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत.

ज्यूंवरचा हल्ला मुंबईत आला तो बाहेरून. नोव्हेंबर २००८ मध्ये शहरभर झालेल्या दहशतवादी हल्ल्यांत कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि आणखी चौघे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला सँड्रा सॅम्युएल या त्याच्या आयाने उचलून बाहेर काढले. ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या मुस्लिम ट्रस्टने नकार दिला. निरपराधांना मारणारे मुस्लिम असूच शकत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. शहरातले इतर मुस्लिम पुढारीही तिच्या पाठीशी राहिले. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ शवागारातच पडून होते. जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुपचूप पुरले, आणि ही गोष्ट राज्याच्या गृहमंत्र्यांनी एप्रिलमध्ये जाहीर केली.